निंगव्वाला विचारलं का?

केराबाई आमच्या गल्लीत राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दोन शेळ्या, एक घोंगडं, एक डालगं आणि त्या डालग्यात एक मांजर होतं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची वेताची मोठी टोपली. मांजराचं नाव निंगव्वा.

"मांजराला माणसाचं नाव?" माझ्या लेकीनं, ऋतुजानं विचारलं.

"तुमी मानसांला मांजराची ठेवता की," केराबाई म्हणाल्या. "पिंकी काय, मनी काय."

ऋतुजानं त्यांना तिथल्या तिथे आजी करून टाकलं. मी त्यांना मावशी म्हणते. त्या मला रुतूची आई म्हणतात. माझं स्वतःचं नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही.

वळसंगच्या पुढे त्यांचं गाव. नवरा होता तोवर साठ-सत्तर मेंढरं होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून रानोमाळ निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. नवरा गेल्यावर मेंढरं विकली. धाकटा मुलगा बिरप्पा इथे शाळेच्या पोरांची रिक्षा चालवतो, तो आईला घेऊन आला. आमचं जुळे सोलापूर म्हणजे चार घरं आणि दोन मोकळे प्लॉट, प्लॉटवर वेड्या बाभळी. आम्ही त्याकडे बघून साप निघेल म्हणून घाबरतो. केराबाईंनी पहिल्याच दिवशी फेरी मारून सांगितलं, "लई चारा हाय हितं. कुनाचं लक्ष कसं न्हाय?"

त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण पाणी कधी येणार हे गल्ली त्यांनाच विचारते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि तो पाचवा दिवस कधी चौथा होतो, कधी सहावा. केराबाई मात्र आदल्या रात्री हंडे बाहेर काढून ठेवतात. शेळीच्या आवाजावरून त्यांना कळतं की तिला तहान लागली आहे की नुसता कंटाळा आला आहे. माझ्या आवाजावरूनही कळतं. मी फोनवर ऋतुजाच्या क्लासवाल्या सरांशी बोलत असले की त्या फाटकातूनच म्हणतात, "बाई गं, पोरगी पास व्हईल. तू आदी घोटभर पानी पी."

मी काळजी करते हे मला मान्य आहे. ऋतुजा बारावीला आहे, तिला धूळ चालत नाही, आणि तिच्या खोलीत मोमो नावाचा बोका आहे. मोमो हा निंगव्वाचा मुलगा. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. निंगव्वाचं सातवं घर दर वेळी एकच असायचं, ऋतुजाचं पुस्तकांचं कपाट. दोन वर्षांत चार वेळा मी रसायनशास्त्राच्या वह्यांवर आंधळी पिल्लं बघितली. त्यातली बरीचशी जगली नाहीत. एखादं मोटारीखाली गेलं, एखादं पिवळ्या दांडग्या बोक्यानं नेलं. दर वेळी ऋतुजा दोन दिवस जेवायची नाही आणि मी चार दिवस झोपायची नाही. मोमो तेवढा टिकला आणि आमचाच झाला.

यंदा आखाडात निंगव्वा अडली. पहाटेपासून कळा देत होती. दुपारी आम्ही तिला बिरप्पाच्या रिक्षातून होटगी रोडवर डॉक्टर अक्षतांकडे नेलं. अक्षता म्हणजे तिशीची, कमी बोलणारी मुलगी. तिनं तीन मेलेली पिल्लं ओढून काढली आणि हात धुता धुता केराबाईंना स्पष्ट सांगितलं, "आजी, मांजर वाचलं. पण पुढच्या खेपेला वाचेल असं मी सांगणार नाही. अंगात ताकद येऊ दे, मग पिशवी काढून टाकू. महिन्या-दीड महिन्यानं या. उशीर करू नका."

केराबाईंनी निंगव्वाला पंधरा दिवस कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं. सोळाव्या दिवशी तिनं कोपऱ्यात झुरळ मारलं. केराबाईंनी ते झुरळ गल्लीभर दाखवलं.

दीड महिना झाला तसा मी विषय काढला.

"मावशी, दोघांचंही उरकून टाकू. निंगव्वाचं आणि मोमोचं. एकाच दिवशी."

"बोक्यासाटी डाक्टर कशाला?" त्या म्हणाल्या. "आन हितं. मी आन आमचं मालक मिळून दिसाला ईस-ईस मेंढं खच्ची करायचो. तुज्या कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या आत मोकळा करते."

मोमो माझ्या मांडीवर होता. मी त्याला उचलून आतल्या खोलीत ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

"आणि निंगव्वाचं?"

"तिला इचारलं का?"

"मांजराला कसं विचारायचं, मावशी?"

"मंग? न इचारता पोट फाडायचं व्हय?"

"मोमोला कुठे विचारतोय आपण?"

"बोक्याला कोन इचारतंय! बोक्या त्यो. हिचं येगळं हाय."

मी मानसशास्त्रात एम. ए. केलं आहे. मी त्यांना जोखीम, फायदा, डॉक्टरांचं मत असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू तुज्या बोक्याला कितींदा नेनार हुतीस?"

मी तीनदा वेळ घेतली होती आणि तीनदा रद्द केली होती. एकदा ऋतुजाची चाचणी होती. एकदा मोमो शिंकला. एकदा पाणी आलं.

"सशाचं काळीज तुजं," केराबाई म्हणाल्या, "आन मला शानपन शिकवतीस."

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. कौल लावायचा. त्यांच्याकडे अवघड प्रश्न बिरोबाला विचारतात. पण या वेळी उत्तर देवानं नव्हे, निंगव्वानं द्यायचं होतं. देव नुसता साक्षीला. त्यांनी दोन पितळी वाट्यांत शेळीचं दूध ओतलं, वाट्यांना भंडाऱ्याचं बोट लावलं आणि ओसरीवर हातभर अंतरानं ठेवल्या.

"उजवी पिली तर व्हय. डावी पिली तर न्हाय."

"कुणाची उजवी?" ऋतुजानं विचारलं. "तिची की आपली?"

यावर दहा मिनिटं गेली. पोट निंगव्वाचं, तेव्हा उजवी बाजूही निंगव्वाचीच असं ठरलं. तोवर निंगव्वा फिरून दुसरीकडे तोंड करून बसली आणि उजवी वाटी डावी झाली. मग वाट्या बदलल्या. निंगव्वा दोन्हीच्या मधोमध गेली, बसली आणि मागचा पाय वर करून चाटायला लागली.

"इचार करतीया," केराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही वाट्या सोडून माझ्या बशीतला चहा प्यायला. तिसऱ्या दिवशी मोमो कुठूनसा आला आणि दोन्ही वाट्या साफ करून गेला.

"तुज्या पोराला वळन न्हाय," केराबाईंनी मला सुनावलं. मीही खाली मान घालून ऐकलं.

असे आठ-दहा दिवस गेले. मला रोज अक्षताचं "उशीर करू नका" आठवायचं. पिवळा बोका अजून दिसला नव्हता, पण तो काही सांगून येत नाही. शेवटी केराबाईंच्या टोमण्यांनीच मी जिद्दीला पेटले आणि एका बुधवारी मोमोपुरती तरी वेळ घेतली. आमच्याकडे न्यायला पिंजरा नव्हता म्हणून केराबाईंनी आपलं डालगं दिलं, तळाला घोंगड्याचा तुकडा घातला. बिरप्पानं रिक्षा फाटकाशी आणली. मी मोमोला आणायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर डालग्यात निंगव्वा. पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून, तिकीट काढून बसावं तशी.

मांजर टोपलीत बसतंच, हे ऋतुजाच्या ओठांवर आलं होतं. मी तिचा हात दाबला.

केराबाईंनी डालग्यात वाकून बघितलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "आपनहून बसली. चल."

दवाखान्यात गर्दी होती. अक्षता आत ऑपरेशन करत होती आणि बाहेर तिचा मदतनीस शिवशरण एकेक जनावर तपासून नोंद करत होता. रिक्षात मोमोनं माझ्या साडीवर ओकारी काढली होती, त्यामुळे मी कुठल्या कोपऱ्यात पाणी मिळतं ते शोधत होते. परत आले तेव्हा मोमो आत गेला होता आणि शिवशरण निंगव्वाला डालग्यात परत ठेवत होता.

"हिचं झालेलं हाय की," तो म्हणाला. "बोक्याला संध्याकाळी न्या. हिला घेऊन जावा."

"झालंय?" केराबाई म्हणाल्या.

"झालंय. दिसतंय की. पुढचं कोण हाय?"

आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, आखाडात पिल्लं काढली तेव्हाच अक्षतानं पिशवीचंही उरकलं असणार आणि गडबडीत सांगायचं राहिलं असणार. खरं तर आत जाऊन विचारायला हवं होतं. मी दूधवाल्यालासुद्धा हिशेब दोनदा विचारणारी बाई. पण अंगावर ओली साडी, आत मोमो, आणि एक काळजी आपोआप मिटत होती. मिटू दिली. केराबाईंचा विचार निराळाच होता. त्यांनी रिक्षात बसल्या बसल्या हात जोडले. "बिरोबानंच केलं. कात्री न्हाय, सुई न्हाय. बगा!"

त्या संध्याकाळी गल्लीत खोबरं-साखर वाटली गेली. मोमो गुंगीत घरी आला, दुसऱ्या दिवशी उठला आणि तिसऱ्या दिवशी फ्रिजवर चढला. मी उगाच तीन महिने घाबरले होते.

अठराव्या दिवशी पिवळा बोका भिंतीवर येऊन बसला.

आधी मी दुर्लक्ष केलं. पण निंगव्वा ओसरीवर गडाबडा लोळत होती, फरशीला गाल घाशीत होती आणि असा आवाज काढत होती की शेळ्यांनी रवंथ थांबवला. या आवाजाचा अर्थ दोन वर्षांत मला पाठ झाला होता. मी तिला बकोटीला धरून ऋतुजाच्या खोलीत कोंडलं आणि अक्षताला फोन लावला.

"मी पिशवी काढलेलीच नाही," ती म्हणाली. "आखाडात तिच्या अंगात ताकद कुठे होती तेवढी? थांबा, शिवशरणला विचारते." पलीकडे बोलणं ऐकू आलं. मग ती परत आली. "तो म्हणतो, तिचा कान कापलेला होता. डाव्या कानाचं टोक. रस्त्यावरच्या मांजरांचं ऑपरेशन झालं की तशी खूण करतात, म्हणजे पुन्हा कुणी भूल देऊ नये. ते बघून त्याला वाटलं, झालेलं आहे. पोट बघायला हवं होतं त्यानं, चूकच झाली. कोणी कापला तो कान?"

तो कान मी दोन वर्षं बघत होते. मारामारीत टोक गेलं असेल असं समजत होते. मी फोन तसाच हातात धरून समोरच्या ओसरीवर गेले.

"मावशी, निंगव्वाच्या कानाला काय झालं होतं?"

"काय व्हायचं? मी कापला."

"तुम्ही?"

"मंग? आपली खून नगं? ती येवढुशी हुती तवाच कापला. आमच्या घरची खून हाय ती, डावा कान, शेंड्याला सरळ. बिरप्पाच्या चुलत्याची उजव्या कानाला हाय. धा कळप एका रानात असलं तर वळकायचं कसं? हरवलं तरी कान बगून मानूस घरी आनून सोडतंय."

जुळे सोलापुरात दुसरं कोण आपलं मांजर कळपात मिसळणार होतं, हे मी विचारलं नाही. शिवशरणनं काय बघितलं आणि काय समजला, ते सांगितलं. मला वाटलं, त्या हसतील. फोन चालूच होता आणि ऐकून पलीकडे अक्षतासुद्धा हसली होती, उघडपणे नाही, पण हसली होती.

केराबाई हसल्या नाहीत. खाली बसल्या.

"म्हंजी बिरोबानं न्हाय केलं."

"नाही."

"आन आता पोटात काय असलं तर?"

"तपासल्याशिवाय कळणार नाही. डॉक्टर म्हणतात, लगेच आणा. आज पोट रिकामं ठेवा, उद्या सकाळीच करू."

त्या दिवशी संध्याकाळी त्या निंगव्वाला बघायला ऋतुजाच्या खोलीत आल्या. खिडकीबाहेर पिवळ्याचं गाणं चाललं होतं. निंगव्वा पडद्यावर चढून उत्तर देत होती. केराबाई पलंगाच्या कडेला टेकल्या आणि कुणी काही विचारलं नसताना सांगायला लागल्या.

"माज्या सासूनं, चंद्रव्वानं, मला डोळं तपासाय म्हनून नेलं. शिबिर हाय म्हनली. म्हनलं, माजं डोळं चांगलं हायत. म्हनली, फुकट हाय, चल. जीपमदी आमी सा जनी. उटले तर पोटाला पट्टी. दोन पोरं हुती मला. दोगं बी पोरगं."

ऋतुजानं पुस्तक मिटलं.

"पोरगी पायजे हुती," केराबाई म्हणाल्या. "नाव बी ठेवलं हुतं. माज्या आईचं. निंगव्वा."

पडद्यावरून निंगव्वा ओरडली. केराबाईंनी वर बघितलं. "व्हय, तुलाच म्हनतीया. खाली उतर, पडदा फाटंल त्येंचा."

मी विचारलं, "डोळ्यांचं काय झालं मग?"

"डोळं कुनी बगितलंच न्हाईत," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंगव्वाला केराबाईंच्या घरी आणलं आणि डालगं त्यांच्या ओसरीवर ठेवलं. निंगव्वा त्याच्या जवळपासही फिरकली नाही. ऋतुजानं आत घोंगडं घातलं, दोरी हलवली, स्वतःचा मोजा टाकला. मोमो जाऊन बसला. त्याला बाहेर काढलं, तो पुन्हा बसला. रिक्षात बिरप्पा हॉर्न वाजवत होता, त्याची शाळेची वेळ व्हायची होती. मी केराबाईंकडे बघितलं. आज जर त्या म्हणाल्या असत्या, की ती बसत नाही म्हणजे नकोच, तर मी काय करणार होते? रात्रभर मी त्याचीच उत्तरं जुळवत होते.

केराबाई उठल्या. निंगव्वा चुलीमागे होती. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरून बाहेर काढलं, तोंडासमोर धरलं आणि म्हणाल्या, "आज तुला इचारत न्हाय. आज सांगती."

आणि खरंच सांगितलं. डालगं मांडीवर, त्यावर फडकं, फडक्याच्या फटीला तोंड लावून, आमच्या गल्लीपासून होटगी रोडपर्यंत.

"दवाखान्यात चाललोय. डोळं तपासाय न्हाय. आदी सुई टोचतील, मुंगी चावल्यावानी. मंग नीज येईल. मंग पोटाला येवढं कापतील, बोटायेवढं. पिशवी काढतील. पिलं व्हनार न्हाईत पुना. दुकंल. दोन दिस दुकंल. मी हितंच बसनार हाय, कुटं जात न्हाय. उटलीस की मी दिसंन."

खड्डा आला की थांबायच्या, मग पुढे सांगायच्या. एकदा बिरप्पानं मागे न बघता विचारलं, "आय, कळतंय व्हय तिला?"

"तू म्होरं बग," केराबाई म्हणाल्या. "तुला सांगत न्हाय."

अक्षतानं निंगव्वाचं पोट दाबून बघितलं, यंत्र लावून बघितलं आणि मान हलवली. "काही नाही. वेळेत आणलंत." शिवशरणनं केराबाईंसाठी खुर्ची आणली. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, आतल्या दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसल्या, कारण शब्द दिला होता. पाऊण तास बसल्या. मी तेवढ्या वेळात तीनदा घड्याळ बघितलं, दोनदा ऋतुजाला फोन केला आणि एकदा शिवशरणलाच विचारलं की भूल जास्त तर होत नाही ना. तो म्हणाला, "मॅडम, तुमी बी खाली बसा त्यांच्याजवळ." मी बसले.

दार उघडून अक्षता बाहेर आली. "झालं. व्यवस्थित आहे. कानाची खूण आता नव्यानं करायला नको, तुमची आहेच."

"माजीच ऱ्हाऊ दे," केराबाई म्हणाल्या. "पर लोकांला कळाय पायजे, कुटली खून कशाची ती. न्हायतर माज्या सगळ्या शेळ्या तुमी झाल्या म्हनाल." शिवशरण लाजेनं लाल झाला.

ही परवाची गोष्ट. त्या संध्याकाळी मी निंगव्वाला बघायला गेले. ती घोंगड्यावर आडवी, पोटाला पट्टी, जीभ जराशी बाहेर. तिच्या तोंडाशी केराबाईंनी पाण्याची वाटी ठेवली होती. पितळीच, पण या वेळी एकच. पलीकडे मोमो हजर होता, पण वाटीपासून वीतभर लांब. त्याला तंबी मिळालेली दिसत होती.

निंगव्वाचे डोळे हळूहळू उघडले. समोर केराबाई, सांगितल्याप्रमाणे. त्यांनी डोक्यावरून हात फिरवायला पुढे केला, तर तिनं सगळा जोर एकवटून पंजा मारला. मनगटापासून कोपरापर्यंत तीन रेघा, रक्त आलं. मी ओरडले. धनुर्वात, रेबीज, जखम चिघळणं, सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. डेटॉल आणायला मी उठणार, तोच केराबाईंनी दुसऱ्या हातानं मला खाली बसवलं. ओरखडलेला हात त्यांनी मागे घेतलाच नव्हता.

"मार," त्या निंगव्वाला म्हणाल्या. "मार की आनकी. मलाबी असाच राग आलता. पर तवा मारायला कुनी जवळ न्हवतं."

निंगव्वानं त्यांच्याकडे एकदा बघितलं, मान वाटीत घातली आणि पाणी प्यायला लागली.